दप्तरातली पोटदुखी

भातकापणी आणि झोडणी आटोपली की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एक बदल दिसू लागतो. मुलांना घेऊन येणाऱ्या आया कमी होतात आणि आज्या वाढतात. कर्जत-खालापूर भागातल्या वाड्यांमधली अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात. काही मुले आईवडिलांबरोबर जातात, तर काही शाळा बुडू नये म्हणून आजीजवळ राहतात. अशीच एक आजी कडावजवळच्या वाडीतून आपल्या आठ वर्षांच्या नातवाला घेऊन चौथ्यांदा माझ्यासमोर बसली होती. तक्रार तीच होती, पोटात दुखते.

"आजी, रोज दुखतं का?"

"रोज सकाळी. चहा-भाकरीच्या वेळेला सुरू होतं. शाळेला सुट्टी दिली की दुपारपर्यंत बरा."

"आणि रविवारी?"

आजी थोडा वेळ थांबली. "रविवारी नाय दुखत, डॉक्टर."

हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. पहिल्या वेळी मी जंतांचे औषध दिले. दुसऱ्या वेळी पोटदुखीचे दिले. तिसऱ्या वेळी रक्त आणि लघवी तपासून सोनोग्राफीही करून घेतली. सगळे अहवाल चांगले आले. ओपीडीच्या रांगेत खूप माणसे होती हे खरे, पण एक प्रश्न विचारायला अर्धे मिनिटसुद्धा लागत नाही.

या वेळी मी मुलाला दप्तर उघडायला सांगितले. गृहपाठाची वही बाहेर आली. आदल्या दिवशीच्या पानावर लिहिले होते: शुद्धलेखन दोन पाने, पाढे पाचपाच वेळा, धड्याखालची सगळी प्रश्नोत्तरे, आणि 'पालकांच्या मदतीने' पूर्ण करायचा एक तक्ता. पानाच्या तळाशी पालकांच्या सहीची जागा कोरी होती. त्याखाली लाल शाईत शेरा होता, 'पालकांनी लक्ष द्यावे.' मागची पाने उलटली. हाच शेरा तिथे आणखी सहा वेळा होता.

आजीने ती वही अनेकदा पाहिली होती, पण तिला अक्षरओळख नव्हती. तो शेरा तिच्यासाठीच होता, हे तिला माझ्याकडून कळले.

पोट खरेच दुखते

अशा वेळी घरातले कोणीतरी हमखास म्हणते, "नाटक करतोय, शाळा चुकवायची असेल." हा समज आधी दूर करायला हवा. त्या मुलाचे पोट खरेच दुखत होते.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अॅप्ली यांनी १९५८ मध्ये एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर दहांपैकी साधारण एका मुलाला पुन्हा पुन्हा पोटदुखीचा त्रास होता आणि शरीरात बिघाड सापडला तो त्यातल्या अगदी थोड्यांमध्ये. पुढे अनेक देशांत हेच चित्र दिसले. आता आम्ही याला 'कार्यात्मक पोटदुखी' म्हणतो. म्हणजे अवयवाची रचना ठीक असते, पण त्याचे कामकाज बिघडलेले असते.

आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचे स्वतःचे जाळे असते आणि ते मेंदूशी सतत निरोपांची देवाणघेवाण करते. परीक्षेच्या दिवशी मोठ्या माणसालाही दोनदा शौचाला जावे लागते, ते याच दुव्यामुळे. भीती वाटली की शरीरात ताणाची संप्रेरके वाढतात, आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी जाणवणारही नाहीत अशा संवेदना मेंदू वेदना म्हणून नोंदवतो. आठ वर्षांच्या मुलाला 'मला अपमानाची भीती वाटते' असे वाक्य जुळवता येत नाही. बेंबीवर हात ठेवून 'इथे दुखतं' एवढेच त्याला सांगता येते.

मात्र प्रत्येक पोटदुखीचे खापर शाळेवर फोडू नये. वजन घटणे, शौचातून रक्त पडणे, हिरवट किंवा सतत उलट्या होणे, ताप राहणे, दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठणे, किंवा बेंबीपासून दूर एका बाजूलाच दुखणे यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांची तपासणी ताबडतोब व्हायला हवी. अशी लक्षणे नसतील, वजन-उंची नीट वाढत असेल आणि दुखणे शाळेच्या दिवसांचे वेळापत्रक पाळत असेल, तर औषधाची बाटली आणण्याआधी दप्तर उघडावे.

दुसरे टोक

हा प्रश्न फक्त गरीब घराचा आहे असे कोणी समजू नये. त्याच आठवड्यात कर्जत शहरातला दुसरीतला एक मुलगा डोकेदुखीसाठी आला. त्याचे वडील मुंबईत नोकरीला. पहाटेची लोकल पकडायची आणि रात्री साडेनऊला घरी परतायचे, हा त्यांचा दिनक्रम. 'गणित पप्पाच घेणार' असे घरात ठरलेले. त्यामुळे मुलाचा गृहपाठ खऱ्या अर्थाने सुरू व्हायचा तो रात्री साडेनऊनंतर. दमलेला बाप, पेंगुळलेला मुलगा आणि मधे बसलेली वैतागलेली आई. झोपायला अकरा वाजत. बसला वेळेवर उभे राहायचे म्हणून पावणेसहाला उठवले जाई. म्हणजे सात वर्षांच्या मुलाची झोप पावणेसात तास!

अमेरिकेतल्या निद्राविज्ञान अकादमीने २०१६ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणानुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप हवी. या मुलाला कमीत कमी प्रमाणापेक्षाही सव्वादोन तास कमी मिळत होते. आठवड्याच्या पाच-सहा दिवसांत ही उधारी सव्वाअकरा ते साडेतेरा तासांवर जाते. रविवारी उशिरापर्यंत झोपून ती फिटत नाही.

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे. वाढीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात पाझरते ते गाढ झोपेत. दिवसभरात शिकलेले मेंदूत पक्के होते तेही झोपेतच. रात्री अकरापर्यंत पाढे घोकून घेतले आणि झोप कापली, तर ज्या वेळेत ते पाढे मेंदूत मुरायचे तीच वेळ आपण काढून घेतो. अपुऱ्या झोपेचे मूल मोठ्या माणसासारखे सुस्त दिसेलच असे नाही. उलट ते चिडचिडे, अस्वस्थ, एका जागी न बसणारे होते. मग शाळेतून निरोप येतो, 'लक्ष देत नाही.' आणि उपाय म्हणून गृहपाठ वाढतो.

त्या आईबरोबर मी कागदावर मुलाच्या दिवसाचा हिशेब मांडला. झोप १० तास हवी. शाळा ६ तास, बसचा प्रवास २ तास, अंघोळ-जेवण वगैरे २ तास, शिकवणी दीड तास, गृहपाठ दीड तास. बेरीज २३. उरलेल्या एका तासात खेळ, गप्पा, टीव्ही आणि मोबाइल. प्रत्यक्षात झोप कापूनच सगळे बसवले जात होते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची अंगमेहनत, म्हणजे पळणे-खेळणे, सुचवते. या हिशेबात ती कुठेच बसत नव्हती.

डोस किती?

मुलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला पहिला धडा शिकवतात, मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. ताप आला तर पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला २०० ते ३०० मिलिग्रॅम पुरते. मोठ्यांची ५०० ची गोळी त्याला दिली तर ताप दुप्पट वेगाने उतरत नाही, फक्त यकृतावरचा भार वाढतो. गृहपाठाकडे याच नजरेने पाहायला हवे. किती दिल्याने फायदा होतो, आणि कुठपासून नुकसान सुरू होते?

या प्रश्नावर सर्वाधिक उल्लेख होतो तो अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर यांच्या कामाचा. १९८७ ते २००३ या काळातले तिथले अभ्यास एकत्र तपासून त्यांनी २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. सातवीपासून पुढच्या मुलांमध्ये गृहपाठ आणि यश यांचा संबंध ठळक दिसला. त्याखालच्या वर्गांत तो फारच क्षीण होता. यात एक मेख आहे. ज्या मुलाला जमत नाही तोच गृहपाठाला जास्त वेळ लावतो, त्यामुळे नुसत्या वेळेवरून कारण आणि परिणाम सांगता येत नाही. पण 'जितका जास्त गृहपाठ तितके लहान मूल हुशार' या समजाला आधार सापडला नाही, एवढे नक्की. कूपर गृहपाठाच्या विरोधात नाहीत. त्यांनी उचलून धरलेला नियम साधा आहे, इयत्ता गुणिले दहा मिनिटे. तिसरीच्या मुलाला सगळे विषय मिळून फार तर अर्धा तास.

असे का होत असावे? लहान मुलाची एकाग्रता थोड्या वेळाची असते आणि दिवसभराच्या शाळेनंतर ती आणखी आटते. घरी चूक लगेच दुरुस्त करणारे कोणी नसेल, तर मूल चुकीचीच उजळणी करते. 'घर' हा शब्द पन्नास वेळा लिहिताना दहाव्या वेळेनंतर हात चालतो, डोके नाही. याउलट थोडे थोडे, पण वरचेवर आठवून सांगणे स्मरणाला उपयोगी पडते. काल वाचलेली गोष्ट आज वही न बघता आजीला सांगितली, तर तोही अभ्यासच. त्याला पाच मिनिटे लागतात.

नियम आहेत, वहीत पोहोचलेले नाहीत

आपल्याकडे याचा विचार झालेला नाही असे नाही. लेखक आर. के. नारायण राज्यसभेचे नियुक्त सदस्य असताना १९८९ मध्ये त्यांनी आपल्या पहिल्याच भाषणात मुलांच्या दप्तराच्या ओझ्याचा विषय काढला. पुढे शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 'ओझ्याविना शिक्षण' या विषयावरच्या तिच्या १९९३ च्या अहवालात स्पष्ट शिफारस होती, प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये. अपवाद एकच, घराच्या आसपास पाहून-शोधून काढण्याच्या गोष्टींचा.

२०१८ च्या मे महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीच्या गृहपाठाविरुद्ध आदेश दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने राज्यांना तशा सूचना पाठवल्या. मग २०२० चे शालेय दप्तर धोरण आले. त्यातली मात्रा अगदी नेमकी आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवीला दिवसाला एक तास. आठवड्याचे दोन तास सहा दिवसांत वाटले तर रोजची वीस मिनिटे होतात. लहान मुलांनी आदल्या संध्याकाळी काय खेळले, काय जेवले, घरात कोणी कोणते काम केले हे वर्गात सांगावे, असे धोरणच सुचवते. दप्तराचे वजनही मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावे, म्हणजे वीस किलोच्या मुलाला दोन किलो. आपल्या राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तोही मुलांच्या झोपेचा विचार करूनच. चीनसारख्या स्पर्धेत मुरलेल्या देशानेही २०२१ मध्ये पहिली-दुसरीचा लेखी गृहपाठ बंद केला आणि तिसरी ते सहावीला रोजची एक तासाची मर्यादा घातली.

म्हणजे दुसरीतल्या त्या कर्जतच्या मुलाला लेखी गृहपाठ असायलाच नको होता आणि कडावच्या मुलाला वीस मिनिटांचा. प्रत्यक्षात दोघांचेही दीड तास जात होते. मग हे होते का?

बाईंची बाजू

आजीच्या हातात मी केसपेपरवरच एक चिठ्ठी दिली, 'वर्गशिक्षिकेस नमस्कार. मुलाला आजार नाही. लेखी गृहपाठ रोज २० मिनिटेच द्यावा, ही विनंती. घरी वाचता येणारे कोणी नाही.' खरे सांगायचे तर, उत्तराची मला अपेक्षा नव्हती. दहा-बारा दिवसांनी बाई स्वतःच रुग्णालयात आल्या.

दोन शिक्षक आणि चार वर्ग. त्यात माहिती भरणे, अहवाल पाठवणे, पोषण आहाराच्या नोंदी ठेवणे. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला काहीतरी लिहायला द्यावेच लागते आणि राहिलेले घरी जाते. शिवाय गावातले पालकच विचारतात, 'अमक्या शाळेत एवढा अभ्यास देतात, तुम्ही देत नाही म्हणजे शिकवत नाही का?' वही भरलेली दिसली की पालकांना समाधान वाटते आणि तपासणीला आलेल्या माणसालाही. हे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टर, सही मी सगळ्यांकडेच मागते. सही करणारं घरी कोणी आहे का, हे मी विचारलंच नव्हतं."

मी म्हणालो, "मीही तीन वेळा विचारलं नव्हतं."

गृहपाठाचा खरा तिढा मला इथे दिसतो. शाळेतला फळा सर्वांना सारखा असतो, घर मात्र सारखे नसते. एका मुलाकडे टेबल, दिवा, शिकलेली आई आणि इंटरनेट आहे. दुसऱ्याकडे एकच खोली आहे. संध्याकाळी त्याला पाणी भरायचे असते, धाकट्या बहिणीला सांभाळायचे असते आणि चुलीशेजारी आजी जे सांगेल ते ऐकायचे असते. दोघांना सारखाच गृहपाठ दिला की सकाळी वर्गात मुलाची नव्हे, त्याच्या घराची परीक्षा होते. पहिला पास होतो, दुसरा उभा राहतो. रोज उभे राहणारे मूल आधी पोटदुखीने गैरहजर राहते, मग आठवडाभर राहते आणि एक दिवस आईवडिलांबरोबर भट्टीवर निघून जाते. त्या आजीच्या नातवाच्या बाबतीत मला भीती होती ती याची. पोटदुखी हा त्याचा पहिला टप्पा होता.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे फार पूर्वी उमगले होते. १९४५ पासून बोर्डी आणि पुढे कोसबाड भागात काम करताना त्यांना दिसले की आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण कोणी गुरे राखते, कोणी भावंड सांभाळते. त्यांनी मुलांच्या आईबापांना शेरे पाठवले नाहीत. शाळाच अंगणात नेली आणि गुरांमागे कुरणातही नेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना तिथूनच रुजल्या. मुलाचे घर जसे आहे तसे मान्य करायचे आणि तिथून शिकवायला सुरुवात करायची, एवढे साधे ते सूत्र होते.

'लक्ष देत नाही' यामागे काय असू शकते

गृहपाठ रोज अर्धवट राहत असेल, तर आळस हे निदान सगळ्यात शेवटी करावे. त्याआधी चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट नजर. फळ्यावरचे दिसत नसलेले मूल तक्रार करत नाही, कारण सगळ्यांना एवढेच दिसते असे त्याला वाटते. ते पुस्तक डोळ्यांजवळ धरते, डोळे बारीक करते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जास्तीची मोकळ्यावर घालवायला लावली, तेव्हा तीन वर्षांत दूरचे न दिसण्याचा दोष नव्याने जडण्याचे प्रमाण सुमारे ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिले. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कडावच्या परिसरात मोकळ्या जागेला आणि उन्हाला तोटा नाही. तोटा आहे तो संध्याकाळी पाच ते सात या वेळेचा, आणि ती वेळ वहीत जाऊ नये.

दुसरी गोष्ट कान. वरचेवर कान वाहणाऱ्या मुलाला अर्धेच ऐकू येते.

तिसरी गोष्ट रक्त. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयाच्या जवळपास चौथाई मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. लोह कमी असले की मूल लवकर थकते आणि लक्षही टिकत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी गोळी आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंतांची गोळी चुकवू नका.

चौथी गोष्ट अध्ययन अक्षमता. वर्गातल्या इतरांना वीस मिनिटे लागणारे काम एखाद्या हुशार, बोलक्या मुलाला दोन तास घेत असेल, अक्षरे उलटसुलट होत असतील, तोंडी उत्तर येते पण लिहिता येत नसेल, तर मारून उपयोग नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी खास बाह्यरुग्ण विभाग आहे आणि कर्जतहून तिथे लोकलने जाता येते.

नजर, कान आणि रक्त यांच्या तपासणीसाठी पैसे खर्च करावे लागत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. हा देशव्यापी कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. पथक येईल त्या दिवशी मूल शाळेत हवे, एवढे पाहा.

आज संध्याकाळी करता येईल असे

पालकांसाठी:

घड्याळ लावा. मूल गृहपाठाला बसते आणि उठते त्या वेळा आठवडाभर कॅलेंडरवर लिहून ठेवा. बाईंशी बोलताना 'फार देता हो' यापेक्षा 'रोज दीड तास लागतो' हे वाक्य जास्त उपयोगी पडते.

पहिली-दुसरीच्या मुलाला वही नको, गोष्ट द्या. तिसरी ते पाचवीला वीस मिनिटे, फार तर अर्धा तास. तेवढ्यात झाले नाही तर वही बंद करा आणि 'एवढेच जमले' अशी चिठ्ठी लिहा. तुम्हाला लिहिता येत नसेल तर शाळेत जाऊन सांगा, त्यात कमीपणा नाही.

शाळेतून आल्यावर आधी खाणे, मग खेळ, मग अभ्यास. जेवणानंतर वही उघडायची नाही. रात्री नऊला दिवा मालवायचा. वडील उशिरा येत असतील तर गणितासाठी रविवारची सकाळ आहे, आठवड्याची रात्र नाही.

मुलाचा प्रकल्प तुम्ही करू नका. वाकडा चिकटवलेला तक्ता मुलाचा असतो, सरळ चिकटवलेला तुमचा.

शिक्षकांसाठी विनंती:

गृहपाठ देताना एकच कसोटी लावा. वर्गातल्या सगळ्यात गरीब घरातले मूल हे कोणाच्याही मदतीशिवाय, पैसे खर्च न करता, वीस मिनिटांत करू शकेल का? उत्तर 'नाही' असेल तर ते काम शाळेतच करून घ्या. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शाळेच्या वेळेत दिलेले आहेत. सहीऐवजी मुलालाच विचारा, काल घरी कोणाशी काय बोललास? अपूर्ण गृहपाठासाठी उभे करणे, मारणे, वर्गासमोर वाचून दाखवणे नको. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने मनाई केली आहे.

यावर एक रास्त शंका येते. मुलांना धड वाचता येत नाही अशी ओरड असताना गृहपाठ कमी कसा करायचा? वाचता येणे महत्त्वाचेच आहे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि गणिताचा पाया यावा म्हणून २०२१ पासून 'निपुण भारत' मोहीमही चालू आहे. पण ज्याला वाचता येत नाही त्याला प्रश्नोत्तरे उतरवून आणायला सांगून वाचन येत नाही. ते शाळेत, बाईंच्या शेजारी बसूनच येते. घराने द्यायचे ते झोप, पोटभर जेवण, खेळ आणि गप्पा. मूल ज्या शब्दांत बोलते, ऐकते, त्याच शब्दांत पुढे वाचते.

त्या बाईंनी नंतर काय केले ते सांगतो. सहीची सक्ती त्यांनी बंद केली. आठवड्यातून दोन दिवस लेखी गृहपाठाऐवजी 'घरी विचारून या' असे काम सुरू केले. पहिल्याच आठवड्यात प्रश्न होता, घरच्यांना पावसातल्या किती रानभाज्या माहीत आहेत? आमच्या या रुग्णाने शेवळं, टाकळा, भारंगी, कुर्डू अशी नावे आजीकडून ऐकून पाठ केली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त नावे त्याचीच निघाली. ज्या घरात 'पालकांनी लक्ष द्यावे' हा शेरा सात वेळा गेला होता, त्याच घरातून हा गृहपाठ आला.

पोटदुखी एका दिवसात गेली नाही. पुढचे काही सोमवार तो पोट धरून बसायचा. आजीला मी सांगितले होते, घाबरू नका, रागवू नका, जवळ घ्या, पण शाळेत पाठवा. हळूहळू कमी झाले. होळीच्या सुमारास आजी पुन्हा आली तेव्हा मी सवयीने विचारले, "आता कुठे दुखतंय त्याचं?"

"त्याचं नाय," आजी म्हणाली, "माझं गुडघं."

आज घरी गेल्यावर मुलाचे दप्तर उघडा आणि घड्याळाकडे पाहा. वीस मिनिटे झाली असतील तर वही मिटा.